पैठण ते पंढरपूर पायी: नाथांच्या पालखीसोबत पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आषाढी वारी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आळंदी, देहू आणि दिवेघाट उभे राहतात. त्याच दिवसांत आपल्या मराठवाड्यातून, पैठणहून, एकनाथ महाराजांची पालखी निघते आणि बीड-धाराशिवच्या माळरानावरून पंढरपूरला जाते. तरी "मला नाथांच्या पालखीसोबत जायचंय, काय करू?" असं विचारलं तर नीट उत्तर मिळत नाही. ज्यांच्या घरात वारी आहे त्यांना हे विचारावंच लागत नाही, ते आजीचा पदर धरून शिकलेले असतात. माझ्या सासरी-माहेरी वारी नव्हती. पहिल्या वर्षी मी नवे बूट आणि जड सॅक घेऊन निघाले आणि शिरूर कासारला पोचेपर्यंत दोन्ही टाचांची साल निघाली होती. त्या मुक्कामावर एका आजींनी माझी सॅक उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, वझं कमी कर. वाट लांब हाय अन् खांदे दोनच हायेत." पुढची सगळी वारी मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालले. खाली लिहिलेलं बरंचसं त्यांचंच आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. दिवसाला सहा-सात तास चालणं होतं. उरलेल्या सतरा तासांची सोय आधी लावा: झोप, पाणी, आंघोळ, शौच, पायांची देखभाल. लोक वारी अर्ध्यावर सोडतात ते बहुतेक वेळा यातलं काहीतरी बिघडल्यामुळे.

१. पहिली वाट छोटी धरा

अंगाला सवय नसेल तर थेट एकोणीस दिवसांना हात घालू नका. मराठवाड्यात एक-दोन दिवसांच्या पायी वाटा आहेत, त्यातली एखादी आधी करून पाहा.

सगळ्यात सोपी तुळजापूरची. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर भवानी आई निद्रेत असते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. त्या पौर्णिमेला सोलापूर, बार्शी, लातूर, धाराशिव आणि कर्नाटकातूनही लाखो माणसं पायी येतात. सोलापूरहून अंतर साधारण ४५ किलोमीटर, धाराशिवहून त्याच्या निम्मं. त्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडून वळवतात, त्यामुळे रात्रीही रस्ता माणसांनी भरलेला असतो. "आई राजा उदो उदो"च्या गजरात तामलवाडी कधी मागे पडली ते कळत नाही. जागोजागी चहा, केळी आणि खिचडीचे मांडव असतात. एका रात्रीत तुमचे पाय, तुमच्या चपला आणि तुमची पाठ यांची परीक्षा होते. नवस असेल तरच अनवाणी जा, आणि तेव्हाही निदान महिनाभर आधी घराजवळच्या मातीच्या रस्त्यावर अनवाणी फिरून तळवे घट्ट करा.

बीडजवळ, मांजरसुंब्याच्या बाजूला कपिलधारला मन्मथ स्वामींची समाधी आहे. तिथे कार्तिक पौर्णिमेला वीरशैव-लिंगायत समाजाच्या पायी दिंड्या जातात. तोवर हवा थंड झालेली असते, त्यामुळे उन्हाचा त्रास असणाऱ्यांसाठी ही वाट उत्तम. माहूरची नारळी पौर्णिमेची परिक्रमा एका दिवसाची असली तरी ती डोंगरातली, ऐन पावसातली आणि निसरडी आहे. गुडघे कुरकुरत असतील तर ती नको.

२. तिथी आणि वाट समजून घ्या

नाथांची पालखी पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीच्या सुमारास पंढरपुरात पोचते. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, आणि अधिक महिना आला की पुढे सरकते. म्हणून रजेचा अर्ज टाकण्याआधी पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर बघा, मागच्या वर्षीची तारीख धरून चालू नका.

इथे नवख्यांची एक चूक हमखास होते. पैठणची नाथषष्ठी आणि ही वारी वेगळी. नाथांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. त्या षष्ठीला दिंड्या पैठणला येतात. आषाढीसाठी पालखी पैठणहून बाहेर पडते. नाथांच्या घरात पंढरीची वारी त्यांचे पणजोबा भानुदास महाराज यांच्यापासून चालत आलेली आहे, म्हणजे या वाटेला पाच शतकांचं चालणं आहे.

एकूण अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पैठण, शेवगाव-पाथर्डीची बाजू, शिरूर कासार, रायमोहा, पाटोदा, खर्डा, परांडा, कुर्डू, अरण, करकंब आणि पंढरपूर असा ढोबळ क्रम आहे. मुक्कामांची तपशीलवार यादी दिंडीवाल्यांकडे छापील मिळते, तिची एक प्रत घरी देऊन ठेवा. पहिला मुक्काम चनकवाडीचा, तो पैठणला लागूनच आहे. त्या संध्याकाळी "एवढंच चालायचं का?" असं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून टप्पे लांबतात, काही दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत जातात.

वाटेत बघण्यासारखंही आहे. पहिलं रिंगण मिडसांगवीला होतं. रायमोह्यानंतर गारमाथ्याचा चढ लागतो, तिथे पालखी चढवताना सगळ्यांचा जोर लागतो आणि नामाचा आवाजही तिथेच सगळ्यात मोठा होतो. खर्ड्याला किल्ला आहे. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती याच खर्ड्याच्या परिसरात. परांड्याचा किल्ला बघायचा तर दुपारच्या विसाव्यात जाऊन या, संध्याकाळी पाय उचलत नाहीत. अरणला सावता माळी महाराजांची समाधी आहे, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. दिंडी धरा

एकट्यानं किंवा चार मित्रांनी मिळून "आम्ही आमचं बघू" म्हणून निघणं पहिल्या वर्षी तरी टाळा. आळंदीच्या रस्त्यावर पावलोपावली अन्नछत्रं आणि दवाखाने असतात. नाथांच्या रस्त्यावर गावं लहान आहेत आणि दोन गावांमधला माळ मोकळा आहे. गावकरी मनापासून करतात. ज्या गावात आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, तिथल्या बायका वारकऱ्यांसाठी भरलेले हंडे दारात मांडून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. पण त्यांच्या घरच्या पाण्यावर आपण किती भार टाकायचा, हे आपण ठरवायला हवं. दिंडीचा टँकर, ट्रक आणि तंबू सोबत असले की तो भार कमी होतो.

दिंडी म्हणजे एक फिरतं घरच. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी, तुळस घेतलेल्या बाया. मागून येणाऱ्या ट्रकमध्ये सगळ्यांच्या वळकट्या आणि स्वयंपाकाचं सामान. दिंडीत नाव नोंदवताना जी रक्कम भरतात तिला भिशी म्हणतात. त्यातून जेवण, पाणी, तंबू आणि ट्रकचा खर्च निघतो. प्रत्येक दिंडीची भिशी वेगळी, काही दिंड्या धान्यही घेतात.

दिंडी शोधायची कशी? आपल्या किंवा शेजारच्या गावातल्या विठ्ठल मंदिरात जा, एकादशीच्या भजनाला बसा आणि तिथल्या माळकऱ्यांना विचारा. हे चैत्र-वैशाखातच करा, कारण ज्येष्ठ लागला की ट्रकमधली जागा भरलेली असते. नाव देण्याआधी एवढं विचारून घ्या:

- भिशीत काय-काय धरलं आहे? दोन्ही वेळचं जेवण आणि चहा-न्याहारी की फक्त जेवण?
- बायकांना झोपायला वेगळा तंबू आहे का?
- स्वतःचा टँकर आहे का? पिण्याचं पाणी वेगळं असतं का?
- पंढरपुरात उतरायची जागा कुठे आहे, आणि किती दिवस?
- वाटेत कोणी आजारी पडलं तर गाडी आहे का?

पैसे दिले की पावती घ्या, किंवा निदान वहीत स्वतःच्या डोळ्यांदेखत नाव लिहून घ्या. मला एका वर्षी "नाव लिहिलंय, काळजी करू नका" असं फोनवर सांगितलं होतं, आणि पैठणला पोचल्यावर तंबूत जागाच नव्हती. पहिल्या तीन रात्री देवळाच्या ओसरीवर काढल्या.

दिंडीत गेल्यावर रांग मोडू नका. वीण्याच्या पुढून आडवं जाऊ नका. टाळकऱ्यांच्या ओळीत पावली येत नसताना घुसू नका, मागच्या ओळीत चाला, दोन दिवसांत पाऊल आपोआप पडायला लागतं. समोरचा वयानं लहान असो की मोठा, त्याला "माउली" म्हणायचं. कोणी पाया पडलं तर आपणही वाकायचं. सुरुवातीला संकोच वाटतो, पण करा. दिवसभरात शंभर वेळा वाकलं की माणसांकडे बघण्याची नजर बदलते, हे मी अनुभवानं सांगते.

४. पाय आधी पिकवा

निघण्याआधी निदान सहा आठवडे रोज चाला. पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर, शेवटच्या दोन आठवड्यांत पंधरा. आठवड्यातून एकदा सलग दोन दिवस लांब चाला, कारण पाय दुखायला लागतात ते दुसऱ्या दिवशी. ज्या चपला वारीत घालणार त्याच घालून चाला. निदान शंभर किलोमीटर वापरलेल्या असाव्यात. आतून कडा घासणारे बंद बूट इथे त्रासच देतात. आपल्याकडची काळी माती पावसात तळव्याला अशी चिकटते की एकेक पाय किलोभराचा होतो. पट्ट्यांचे, मऊ तळव्याचे सँडल धुता येतात आणि लवकर वाळतात. ट्रकमध्ये दुसरा जोड ठेवा.

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना अंतर आणि दिवस नेमके सांगून विचारा. "वारीला जातोय" एवढंच सांगितलं तर ते "जा" म्हणतात. "अठरा-एकोणीस दिवस रोज चालणं, काही दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर, जेवणाच्या वेळा अनियमित" असं सांगा, म्हणजे ते गोळ्यांच्या वेळा नीट लावून देतील.

५. सामान आणि कागदपत्रं

ट्रकात जाणारी वळकटी आणि खांद्यावरची पिशवी, अशा दोनच गोष्टी. खांद्यावर तीन किलोपेक्षा जास्त नको.

खांद्यावर ठेवायचं:
- पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, लिंबू, गूळ-शेंगदाणे
- प्लॅस्टिकचा मोठा कागद (पावसात घोंगडी, विसाव्याला चटई)
- उपरणं किंवा मोठा रुमाल, टोपी
- बॅटरी, आणि पिशवीवर चिकटवलेली चमकणारी पट्टी
- रोजच्या गोळ्या

वळकटीत: सतरंजी, चादर, दोन जोड सुती कपडे, साबण, ताट-वाटी-तांब्या, दोरी, खोबरेल तेल, कापूस, गॉज आणि चिकटपट्टी, पॉवर बँक. वळकटीवर मोठ्या अक्षरात नाव, गाव आणि दिंडीचं नाव लिहा. एकसारख्या शंभर वळकट्यांतून अंधारात आपली काढायची असते.

कागदपत्रं थोडी पण हवीत. मूळ आधार कार्ड, डॉक्टरांची गोळ्यांची चिठ्ठी, आणि घरच्या दोघांचे फोन नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत. फोन बंद पडतो तेव्हा नंबर कोणालाच पाठ नसतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. ज्येष्ठांना वयाचा पुरावा दाखवावा लागतो, त्यासाठीही आधार लागतं. सुटे पैसे ठेवा. माळावरच्या टपरीवर नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत. दागिने घरी ठेवून या.

६. रस्त्यावरचा एक दिवस

पहाटे तीन-साडेतीनला दिंडीत हालचाल सुरू होते. आंघोळीचं पाणी हवं असेल तर तेव्हाच उठा, पाचला टँकर रिकामा असतो. काकडा, चहा आणि मग वळकटी बांधून ट्रकात. उजाडताना चालायला लागा. दहा-साडेदहापर्यंत दिवसाचं निम्म्याहून जास्त अंतर झालेलं असावं. दुपारी विसावा, जेवण आणि तासभर आडवं होणं. मुक्कामाला पोचल्यावर आधी पाय धुवा, मग बाकी सगळं. संध्याकाळी हरिपाठ, जेवण, कीर्तन. कीर्तनाला बसायची इच्छा असेल आणि झोप अनावर असेल, तर झोपा. कोणी काही म्हणत नाही.

झोपताना चप्पल उलटी करून झटका, सकाळी घालतानाही झटका. आपल्या भागात विंचू आहेत, आणि पहिल्या पावसात साप बाहेर पडतात. साप चावलाच तर दोरी बांधू नका, कापू नका. माणसाला स्वस्थ झोपवून १०८ ला फोन करा.

निघाल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी येते. दिंडीत त्या दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा असतो. नेमका तोच दिवस पाय सगळ्यात जास्त दुखण्याचा. मधुमेह असेल तर त्या दिवसाचं दिंडीप्रमुखांना आधीच सांगून ठेवा, ते भाकरीची सोय करतात. कोणी उपवास मोडला म्हणून तोंड फिरवलेलं मी पाहिलेलं नाही.

७. ऊन, पाणी आणि फोड

ज्येष्ठात पाऊस लागेल असं गृहीत धरू नका. कित्येक वर्षी खर्ड्यापर्यंत थेंब पडलेला नसतो आणि डांबरी रस्ता तव्यासारखा तापतो. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चार घोट प्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, बाटली लहान म्हणून कमी पाण्यात नको. चालताना घाम यायचा थांबला, डोकं गरगरायला लागलं, बोलणं असंबद्ध झालं, तर तो थकवा समजून बसवून ठेवू नका. सावली, ओलं फडकं आणि १०८.

फोड आला की जुने वारकरी सुई-दोरा ओवतात. तो दोरा आत राहतो, त्यावर माती बसते आणि तिसऱ्या दिवशी पू होतो. फोडाची कातडी तशीच ठेवा, धुवून कोरडी करा, गॉज लावून पट्टी चिकटवा आणि सँडलची घासणारी पट्टी सैल करा. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. तेव्हाच थांबून पट्टी लावली तर फोड येतच नाही. "पुढच्या झाडाखाली बघू" म्हटलं की उशीर झालेला असतो. मांड्या घासतात त्यावर रोज सकाळी खोबरेल तेल, आणि ओल्या कपड्यात अजिबात चालायचं नाही.

आणि मोटारसायकलवर बसून एखादा टप्पा "मारून" नेण्याची लाज बाळगू नका. पाय सुजला असेल तर एक दिवस दिंडीच्या ट्रकमध्ये बसा. नाथांच्या पालखीला तुमचा हिशोब ठेवायचा नाही.

८. बायकांसाठी थोडं वेगळं

सोय नाही म्हणून पाणी कमी पिणं, ही माझ्यासोबतच्या निम्म्या जणींची सवय होती, आणि चक्कर येऊन पडल्या त्याही त्याच. पाणी कमी करू नका. फिरती शौचालयं सगळ्या मुक्कामांवर पुरेशी नसतात, म्हणून पहाटे उजाडायच्या आधी तीन-चार जणींनी बॅटरी घेऊन सोबत जायचं. गावातल्या घरी विचारायला लाजू नका. "माय, जरा आत येऊ का?" म्हटलं की दार उघडतं. दिंडीत जाणत्या बाईशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या, तिच्या शेजारी पथारी टाका. पाळीसाठी लागणारं सगळं घरूनच न्या, वाटेतल्या लहान गावांत ऐनवेळी मिळत नाही. त्या दिवसांत चालावं की नाही हा प्रश्न तुमचा. माझ्या दिंडीत अनेक जणी पालखीपासून थोडं मागे राहून चालतात, काही जणी नेहमीसारख्याच चालतात.

९. पंढरपूर आणि परतीचं

पंढरपुरात पोचलात की आधी दिंडीची उतरण्याची जागा नीट लक्षात ठेवा: ६५ एकर (वारकऱ्यांच्या तळाची मोठी जागा), एखादा मठ किंवा वाळवंटाजवळचा तंबू. जवळची मोठी खूण बघा आणि सोबतच्यांना सांगा, कारण एकादशीला फोन लागत नाहीत. चंद्रभागेत काठालाच आंघोळ करा. पात्रात खड्डे असतात आणि वरून पाणी सोडलं की ओढ वाढते.

पदस्पर्श दर्शनाची रांग एकादशीला दिवस-रात्र चालते. पायांत त्राण नसेल तर मुखदर्शन घ्या. तेही जमलं नाही तर नामदेव पायरीला आणि कळसाला हात जोडून नगरप्रदक्षिणा करा. वर्षानुवर्षं वारी करणारे कित्येक जण एवढंच करून समाधानानं परततात. जमलं तर पौर्णिमेपर्यंत थांबा. गोपाळपूरचा काला झाला की पालख्या परतीला लागतात आणि बसस्थानकावरची गर्दीही ओसरायला लागते. एकादशीच्या रात्री एसटीला लोंबकळण्यापेक्षा हे बरं. लातूर-धाराशिवकडे जायचं असेल तर कुर्डुवाडीवरून जाणारी रेल्वे सोयीची पडते. बाकीच्यांना आषाढीच्या जादा गाड्या असतात, त्या कोणत्या तात्पुरत्या स्थानकावरून सुटतात ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

घरी आल्यावर आठवडाभर पाय कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि वळकटी उन्हात टाका. सतरंजी ओली राहिली तर पुढच्या वर्षी उघडताना तिला बुरशी आलेली असते.